बुधवारची वही आणि गड्ड्याची यादी

मुरारजीपेठकर
नमस्कार. जुन्या रेडिओचे श्रोते असलेल्या सोलापूरकरांसाठी हा धागा काढत आहे.

थोरल्या बंधूंच्या पश्चात वहिनींनी गेल्या महिन्यात त्यांची एक वही माझ्या हाती दिली. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानात हिशेबाला वापरतात तशी लांबट वही आहे आणि तिच्यात १९७४ ते १९८१ या काळातील 'बिनाका गीतमाला', म्हणजे रेडिओ सिलोनवरची हिंदी गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी, बुधवारमागून बुधवार उतरवलेली आहे. वर तारीख, खाली पायदानाचा क्रमांक, समोर गाण्याचे पहिले तीन-चार शब्द, चित्रपट, गायक आणि शेवटच्या रकान्यात बाण. गाणे चढले तर बाण वर, घसरले तर खाली, आणि नव्याने आले असेल तर नुसता ठिपका. अण्णा गिरणीत साचेखात्यात होते. पाळी आठवड्याला बदलत असे आणि दुसरी पाळी असली की रात्री बारापर्यंत ते घरी येत नसत, त्यामुळे वहीतले अक्षर एका आठवड्याआड बदलते. ते दुसरे अक्षर शेजारच्या अक्कांचे आहे. अक्का तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळता वळता त्या आमच्या रेडिओपाशी बसत, गाणे संपले की तंबाखूचे हात पदराला पुसून हिंदी गाण्याचे बोल तेलुगू लिपीत लिहीत, आणि रविवारी अण्णा त्यांच्याकडून ते वाचून घेऊन बाजूला बारीक देवनागरीत उतरवीत. काही पानांवर हे उतरवणे राहून गेले आहे.

वहीच्या मागच्या बाजूने, म्हणजे वही उलटी धरून, आणखी एक लिखाण सुरू होते. त्यावर मथळा आहे 'गड्डा'. दर जानेवारीला एक पान. सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर एका संध्याकाळी अण्णा सहा ते दहा फिरत असावेत आणि कोणते गाणे किती वेळा वाजले याच्या रेघा मारीत असावेत. चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरपी, गठ्ठे मोजतात तशी. रेघांच्या डोक्यावर 'पा', 'मौ' आणि 'भ' अशी अक्षरे आहेत. 'पा' म्हणजे पाळणा आणि 'मौ' म्हणजे मौत का कुआँ हे मी ओळखले. 'भ' काही सुटत नाही. कोणाला सुचत असेल तर सांगावे. सिलोनची यादी आणि गड्ड्याची यादी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि खरे तर त्याबद्दलच मला आपणा सर्वांशी बोलायचे आहे.

मध्यमलहरी
वहीचे वर्णन वाचून हेवा वाटला. नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी लिहितो, कारण सोलापूरच्या घरात हिंदी गाण्यांची यादी कोलंबोहून का ऐकावी लागत होती, हे आज कोणाला चटकन उमगणार नाही.

१९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. माणूस आपल्या पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा भोक्ता, आणि चित्रपटगीतांबद्दल त्यांचे मत अतिशय वाईट. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर त्यांनी बंधने आणली, निर्मात्यांशी वाद झाला आणि पाहता पाहता ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. रेडिओ सिलोनपाशी दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेली दणकट लघुलहरी यंत्रणा आयतीच होती. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथून गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सायानी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. प्रारंभी ही क्रमवारी नव्हतीच. अर्ध्या तासात सात गाणी वाजत आणि ती कोणत्या कालक्रमाने आली हे ओळखून कळवायचे, बक्षीस शंभर रुपये, अशी ती स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आल्याचे आणि पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत मजल गेल्याचे सायानी स्वतः सांगत असत. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाले, तेव्हा स्पर्धा गुंडाळून लोकप्रियतेची पायदाने आली. सरकारला आपली चूक कळायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावा लागला. त्या दिवशी विविध भारती सुरू झाली. तोवर बुधवारची रात्र सिलोनच्या नावावर लागून गेली होती.

आता ऐकण्याविषयी. लघुलहरी वरच्या वातावरणातील विद्युतभारित थरावर आपटून परत येतात आणि तो थर काही भिंतीसारखा स्थिर नसतो, म्हणून आवाज लाटेसारखा येई आणि जाई. आमच्याकडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली होती आणि अर्थिंगची तार नळाला गुंडाळलेली होती. व्हॉल्व्हचा संच तापायला वेळ घेई, म्हणून पावणेआठलाच बटण फिरवायचे आणि हिरवा डोळा मिटत मिटत बारीक होईपर्यंत काटा केसभर इकडेतिकडे सरकवायचा. नेमके वरच्या पायदानाला आवाज बुडाला की वडील रेडिओच्या माथ्यावर थाप मारीत. त्याने काही होत नसे हे त्यांनाही ठाऊक होते.

सातरस्ता
धागा छान आहे, परंतु थोडा विरोधी सूर लावतो. आपण ज्या यादीसाठी एवढा जीव टाकत होतो, ती कितपत खरी होती? टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी चालवलेला कार्यक्रम, दुकानांकडून मागवलेले विक्रीचे आकडे, आणि ते आकडे तपासणारा कोणीही नाही. १९६६ च्या वार्षिक यादीत 'सूरज'मधले 'बहारों फूल बरसाओ' पहिले आले. त्याच सुमारास 'गाइड' पडद्यावर आला होता. आज कोणालाही विचारा, कोणत्या चित्रपटाची गाणी जास्त टिकली. 'भ' बद्दल म्हणाल तर ते भजीचे दुकान असावे, असा माझा अंदाज आहे.

तबकडी
सातरस्ता यांच्या शंकेला उत्तर देण्याचा मला थोडा अधिकार आहे. कॉलेजात असताना तीन वर्षे मी नवी पेठेतल्या एका रेकॉर्डच्या दुकानात संध्याकाळचे काम करीत होतो. दुकानाचे आणि मालकांचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्या वारसांना आवडणार नाही.

विक्रीचा आकडा हा लोकप्रियतेचा आकडा नव्हे, हे गल्ल्यावर उभा राहणारा कोणीही सांगेल. एखादे गाणे उसळले की आमच्याकडच्या आठ-दहा प्रती दोन दिवसांत संपत आणि नवा माल येईपर्यंत त्या गाण्याची विक्री शून्य दिसे. म्हणजे सर्वांत जास्त मागणी असलेले गाणेच कागदावर सर्वांत खाली. उलट बाजूने, एखाद्याला आपले गाणे वर चढवायचेच असेल तर माणसे पाठवून तबकड्या उचलणे काही अवघड नव्हते. आमच्या मालकांनी एकदा न खपलेल्या तबकड्यांचा गठ्ठा खपला म्हणून लिहून दिल्याचे मी स्वतः पाहिले आहे, त्यामागचे कारण मला कधी कळले नाही. तो आकडा पुढे कुठवर गेला, हेही मला सांगता येणार नाही. गीतमालेच्या मंडळींनाही विक्रीच्या आकड्यांमधली ही भोके दिसली होती, म्हणूनच त्यांनी गावोगावच्या श्रोता संघांची मते जोडीला घेतली. संघाने बसून गाणी निवडायची आणि पत्राने कळवायचे. ही पद्धत निर्दोष होती असे मी म्हणणार नाही, तथापि नुसत्या दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती बरी होती.

'सूरज' आणि 'गाइड' यांच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. यादी त्या वर्षाची होती, पन्नास वर्षांनंतरची नव्हे. त्या साली लग्नाच्या मांडवात काय वाजले ते आठवा.

'भ' म्हणजे भजी नव्हे. भोंगा. मैदानात मधोमध खांबांवर बांधलेले कर्णे कोणत्याच दुकानाचे नसत. ते आम्ही भाड्याने देत असू आणि त्यावर घोषणांच्या मध्ये आमच्याच तबकड्या लागत. हरवलेले मूल अमुक ठिकाणी आहे असे सांगायचे आणि लगेच सुई टेकवायची.

मुरारजीपेठकर
तबकडी साहेब, भोंगा! रेघा नीट पाहिल्या तर 'भ' खालची गाणी खरोखरच दर थोड्या वेळाने तीच ती येतात, आणि प्रत्येक वर्षी 'भ' खाली एकदोन भक्तिगीतेही आहेत. आपले शतशः आभार.

आता मुद्द्यावर येतो. १९७६ च्या वार्षिक गीतमालेत मुकेश यांचे 'कभी कभी मेरे दिल में' सर्वांत वर होते आणि अण्णांनी त्या पानाला लाल शाईने चौकट केली आहे. मुकेश त्याच वर्षी २७ ऑगस्टला अमेरिकेत डेट्रॉइट येथे वारले होते, तेव्हा त्या चौकटीत थोडे दुःखही असावे असे मला वाटते. त्यानंतर तीन आठवड्यांनी, म्हणजे जानेवारी १९७७ च्या गड्ड्यात, त्या गाण्यापुढे किती रेघा आहेत? एकही नाही. पाळण्यावर नाही, कुआँवर नाही, भोंग्यावर नाही. अण्णांनी गाण्याचे नाव मात्र आधीच लिहून ठेवले होते, म्हणजे ते वाजेल अशी त्यांची अपेक्षा होती, आणि समोरचा रकाना चार तास कोरा राहिला. त्याच पानावर किशोरकुमार यांच्या निरनिराळ्या गाण्यांपुढे मिळून एकतीस रेघा आहेत.

याच्या उलट १९८० सालचे. त्या वर्षीचे अव्वल गाणे 'सरगम'मधले 'डफलीवाले', आणि जानेवारी १९८१ च्या गड्ड्यातही तेच पहिले, चौदा रेघा. आठ वर्षांत सिलोन आणि होम मैदान यांचे एकमत झालेले ते एकच पान आहे. अण्णांनी खाली लिहिले आहे, "जुळले."

सध्यापुणेकर
१९७७ च्या त्या पानाला आणखी एक पदर आहे. आणीबाणीत ४ मे १९७६ पासून आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर किशोरकुमार यांची गाणी वाजवण्यास बंदी होती आणि आणीबाणी संपेपर्यंत ती टिकली. म्हणजे अण्णा रेघा मारीत होते त्या संध्याकाळी देशातल्या कोणत्याही सरकारी केंद्रावरून जो आवाज येऊ शकत नव्हता, तो होम मैदानावर चार तासांत एकतीस वेळा वाजला. पाळणेवाल्याने काही निषेध म्हणून हे केले असेल असे मी म्हणत नाही, त्याला गिऱ्हाईक हवे होते. पण सरकारी यादी, सिलोनची यादी आणि पाळण्याची यादी अशा तीन याद्या एकाच गावात एकाच वेळी चालू होत्या, याचा एवढा स्पष्ट पुरावा मी पाहिला नव्हता. सिलोनवर आपल्या सरकारचा हुकूम चालत नव्हता, तेव्हा १९७६ च्या बुधवारच्या पानांवर किशोरकुमार आहेत का, ते कृपया पाहून सांगावे.

मुरारजीपेठकर
आहेत. मे ते डिसेंबर, बहुतेक प्रत्येक पानावर. जूनमधल्या एका पानावर अण्णांनी नावाखाली दोनदा रेघ ओढली आहे.

कन्नाचौक
मी पूर्व भागातला. आमच्या घरात यंत्रमाग होते आणि संध्याकाळी आठला ते चालूच असत. मागांच्या खटखटीत ऐकू येणे ही एक अडचण, आणि मोटारींमुळे रेडिओत होणारी खरखर ही दुसरी. वडील बुधवारी आठ ते नऊ रेडिओजवळचे दोन माग बंद ठेवीत. तासाभराचे कापड कमी होई आणि त्यावरून आजोबांशी दर बुधवारी वाद होई.

या धाग्यात अजून कोणी न बोललेली एक गोष्ट मांडतो. गीतमाला फक्त हिंदी चित्रपटगीतांची होती. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एका गल्लीत नांदतात. अंधार पडला की मध्यम लहरी दूरवर पोचतात, आणि मग ७३८ वर हैदराबाद आणि ७६५ वर धारवाड आमच्या घरी असे लागत की जणू केंद्र अशोक चौकातच आहे. माझ्या आईला आणि शेजारणींना रात्रीची तेलुगू गाणी पाठ होती. बिड्यांचा हजारी आकडा त्या गाण्यांवर पुरा होई, अमुक गाणे लागले म्हणजे आता शेवटची जुडी बांधायची, असा त्यांचा हिशेब होता. त्या गाण्यांना पायदान कोणी दिले? कोणीच नाही. अण्णांच्या गड्ड्याच्या पानांवर तेलुगू किंवा कन्नड गाणी आहेत का?

मुरारजीपेठकर
आपण नेमके बोट ठेवलेत. दर वर्षी आहेत, परंतु नावानिशी नाहीत. अण्णांना तेलुगू समजत नसे, म्हणून त्यांनी 'ते. १', 'ते. २' असे लिहून समोर रेघा मारल्या आहेत. १९७९ च्या पानावर 'ते. २' पुढे नऊ रेघा आहेत, म्हणजे त्या वर्षी ते तिसऱ्या क्रमांकावर होते. अक्का गड्ड्यात बरोबर असत्या तर नाव मिळाले असते.

तबकडी
'डफलीवाले' का जुळले, याचे एक साधे कारण सुचते. कर्ण्यातून खर्जाचे सूर आणि हळुवार गाणे जातच नाही. पाळण्याचे इंजिन, कुआँतल्या मोटारसायकली, पुंगीवाले आणि गर्दी या सगळ्यावर मात करील असा ठेका आणि उंच पट्टीचा आवाज लागतो. मुकेश यांचा आवाज भोंग्यातून लावला तर पुटपुटल्यासारखा येई, आम्ही तो लावतच नसू. तेव्हा गड्ड्याची यादी ही सुद्धा निव्वळ लोकांची आवड नव्हती, त्यात भोंग्याची आवडही मिसळलेली होती. शिवाय आम्ही घासून पांढऱ्या पडलेल्या तबकड्याच यात्रेत नेत असू. धुळीने नवी तबकडी एका दिवसात वाया जाई. म्हणून जानेवारीत गेल्या वर्षीची जुनी गाणी जास्त वाजत. वहीतल्या यादीत ही अडचण धरूनच वाचावे लागेल.

सातरस्ता
म्हणजे तीनपैकी एकही यादी खरी नव्हती, हे माझे म्हणणे शेवटी कायम राहिले. भज्यांचे मात्र मागे घेतो.

सध्यापुणेकर
सातरस्ता, खरी नव्हती असे नाही. प्रत्येक यादी कशाची आहे हे कळले की ती खरी. पुढे १९८९ मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली तेव्हा आवाज स्वच्छ झाला आणि आमच्या घरातले ऐकणे मात्र संपले. तोवर कॅसेट भरून देणारी दुकाने गल्लोगल्ली झाली होती. साठ मिनिटांच्या कॅसेटसाठी आपणच बारा-तेरा गाण्यांची यादी चिठ्ठीवर लिहून द्यायची, मग दुसऱ्या कोणाची क्रमवारी कशाला ऐकायची? खासगी एफएम आल्यावर पहिली दहा, पहिली वीस असे कार्यक्रम पुष्कळ झाले, पण क्रमांक एकचे गाणे दिवसातून आठ वेळा आधीच वाजलेले असेल तर रात्री त्याची उत्कंठा ती काय राहणार. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सायानी गेल्याची बातमी आली तेव्हा मी पुण्यात रिक्षात होतो. चालक तिशीचा असेल. त्याने त्यांच्या "बहनों और भाइयों"ची हुबेहूब नक्कल करून दाखवली, आणि गीतमाला त्याने कधीच ऐकलेली नव्हती.

मुरारजीपेठकर
अक्कांच्या हातच्या एका पानाचे छायाचित्र आज चढवले आहे. १९७८ च्या पावसाळ्यातले पान आहे. वरची काही गाणी लिहिलेली आहेत, पुढे तीन ओळी कोऱ्या आणि खाली तेलुगूत दोन ओळींचा मजकूर, ज्याचे देवनागरी अण्णांनी केलेले नाही. कन्नाचौक यांना वाचता आले तर उपकार होतील.

कन्नाचौक
मी स्वतः तेलुगू बोलतो, वाचायला अडखळतो, म्हणून आईला दाखवले. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने चष्मा पुसून एका दमात वाचले. मजकूर असा आहे: "लाइट गेली. तीन गाणी ऐकू आली नाहीत. अण्णाला सांगू नये, गिरणीत कोणाला तरी विचारून आणते."

खालच्या कोपऱ्यात पिवळट डाग आहे तो तंबाखूचा आहे, असेही आईने सांगितले. आणि तिचा एक निरोप: 'ते. २' हे गाणे कोणते ते तिला बहुधा सांगता येईल, १९७९ च्या गड्ड्याला ती गेली होती. चाल गुणगुणून दाखवते म्हणाली. रविवारी दुपारी वही घेऊन घरी येता येईल का?

मुरारजीपेठकर
येतो. तीनला निघतो.